सीझरचे श्वान आणि एरियनची होर्मे: एका चुकीच्या वाक्याची दुरुस्ती

🧵 १/१६
प्राचीन रोमवरील माझ्या मागील धाग्यात मी एक वाक्य लिहिले होते: ज्युलिअस सीझर आपल्या युद्धश्वानांना मालिश करण्यासाठी स्वतंत्र सेवक बाळगत असे. खाली एका वाचकाने दोनच शब्द विचारले, ‘आधार काय?’ तो आधार मी तीन आठवडे शोधला. सापडला नाही. म्हणून हा दुरुस्तीचा धागा. शोधताना मात्र जे हाती लागले, ते त्या वाक्याहून कितीतरी मोलाचे आहे.

२/१६
श्वानांच्या मालिशीविषयी माहिती देणाऱ्या अनेक ठिकाणी हे वाक्य फिरत असते. सीझरला मज्जातंतूंच्या वेदनेसाठी रोज मालिश होत असे, अशी पुस्तीही कोठे कोठे जोडलेली असते. सीझरने गॉलच्या युद्धाचा वृत्तान्त स्वतः लिहिला. त्यात असे काही नाही. चरित्रकार स्युटोनिअस त्याची मूर्च्छा, त्याची दुःस्वप्ने, त्याचे अपस्माराचे झटके, इतकेच काय, केसांची निगाही नोंदवतो. श्वान आणि त्यांना चोळणारा सेवक तेथेही नाहीत.

३/१६
मग मी ते वाक्य तपासल्याविना का लिहिले? आमच्या घरची कुत्री तेरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला मागच्या पायांवर उठणे जड जाते. पशुवैद्यांनी सांध्यांची झीज सांगितली, औषध दिले आणि हलक्या हाताने मालिश कशी करावी तेही दाखवले. रोज संध्याकाळी आई तिच्याजवळ बसते. या कामामागे दोन हजार वर्षांची परंपरा आहे, असे वाचून मला बरे वाटले. जे वाचून बरे वाटते, ते तपासायचे राहून जाते.

४/१६
प्राचीन जगातील वृद्ध श्वानाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र फार वेगळे आहे. होमरच्या ‘ओडिसी’मधील आर्गोस हा एके काळचा वेगवान शिकारी श्वान. रानबकऱ्या, हरणे आणि ससे यांच्या मागे धावणारा. वीस वर्षांनी धनी परततो, तेव्हा तो दाराबाहेर शेणाच्या ढिगाऱ्यावर, अंगभर गोचिडांसह पडलेला असतो. ओडिसिअसला तो ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. पण उठून जवळ जाण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. त्यानंतर लगेच तो प्राण सोडतो.

५/१६
त्यानंतर अनेक शतकांनी एरियन येतो. आपल्याला हे नाव शिकंदराच्या स्वारीमुळे आणि ‘इंडिका’ या भारतवर्णनामुळे ठाऊक आहे. निकोमीडियाचा हा ग्रीक गृहस्थ तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा शिष्य. सम्राट हेड्रिअनच्या काळात तो कॅपाडोशिया प्रांताचा राज्यपाल होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने श्वानांसह शिकारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. आपल्याला हवा असलेला खरा पुरावा या ग्रंथात आहे.

६/१६
या विषयावर झेनोफनने पूर्वीच ग्रंथ लिहिला होता. मात्र केल्टिक लोकांचे सडपातळ, वेगवान शिकारी श्वान झेनोफनला माहीत नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी आपण लिहीत आहोत, असे एरियन म्हणतो. त्याची स्वतःची कुत्री होर्मे. ती त्याच्यासोबत व्यायामशाळेत जाई आणि त्याचा व्यायाम होईपर्यंत तेथे बसून राही. परतताना ती पुढे चाले आणि धनी वाट सोडून गेला नाही ना, हे वळून वळून पाही. जेवताना पाय लावून आपल्या वाट्याची आठवण करून देई. पुढील पिढ्यांना ठाऊक असावे म्हणून त्याने तिचे नाव मुद्दाम नोंदवून ठेवले.

७/१६
याच ग्रंथात चोळण्याची कृती सांगितली आहे. तिचा आशय असा: श्वानाचे सर्वांग चोळणे घोड्याइतकेच हितकारक आहे, त्याने अवयव लवचिक व बळकट होतात, केस तुकतुकीत होतात, त्वचा स्वच्छ राहते. उजव्या हाताने पाठ आणि कंबर चोळावी. तेव्हा डावा हात पोटाखाली आधाराला ठेवावा, म्हणजे वरच्या दाबाने श्वान खाली दबून त्याला इजा होणार नाही. बरगड्या दोन्ही हातांनी चोळाव्यात. मग पुठ्ठ्यांपासून पावलांच्या टोकांपर्यंत यावे आणि खांदेही चोळावेत.

८/१६
शेवटी श्वानाला शेपटीने उचलून ताण द्यावा आणि सोडावे, असे तो सांगतो. (ही पायरी आज कोणीही करू नये, आजारी कण्याला तिने गंभीर इजा होऊ शकते.) सोडल्यावर श्वान अंग झटकते आणि झाले ते आवडल्याचे दाखवते, असे सांगून तो प्रकरण पुढे नेतो. पोटाखालचा तो डावा हात आणि अंग झटकण्याकडे असलेले लक्ष, या दोन गोष्टी ज्याने हे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यालाच सुचतील. सीझरच्या वाक्यात असा एकही तपशील नाही.

९/१६
ही पद्धत आली कोठून? एक वाट अश्वशाळेची, आणि ती एरियन स्वतःच सांगतो. आपल्याकडील खरारा करणारा मोतद्दार आठवा. दुसरी वाट व्यायामशाळेची असावी. ग्रीक आखाड्यात तेल लावून अंग चोळणे हा व्यायामाचाच भाग होता; मुलांकडून व्यायाम करून घेणाऱ्याला ‘पैदोत्रिबेस’ म्हणत, आणि या शब्दाच्या मुळाशी चोळण्याचा धातू आहे. त्याच शतकातील वैद्य गेलेन याने आरोग्यरक्षणावरील ग्रंथात मर्दन कठोर असावे की मृदू, थोडे की फार, याची सविस्तर चर्चा केली. ज्या समाजात माणसांचे अंग असे चोळले जात होते, तेथे होर्मेपर्यंत तो हात पोहोचणे नवलाचे नव्हते.

१०/१६
आता सावधगिरी. एरियन आजारी श्वानाचा उपचार सांगत नाही. त्याच्यासमोर धडधाकट शिकारी श्वान आहे आणि त्याचे अंग धावण्यास सिद्ध ठेवायचे आहे. लंगड्या, म्हाताऱ्या श्वानाची वेदना हा या परिच्छेदाचा विषय नाही. म्हणून ‘प्राचीन काळापासून श्वानांच्या संधिवातावर मालिश होत आली आहे’ असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही. निगा आणि उपचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

११/१६
हाच मोह दख्खनच्या इतिहासातही होऊ शकतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळणे, आहे. आणि विनोदांमध्ये शिकारी श्वानांचा सारमेयविनोदही आहे. दोन्ही प्रकरणे एका ग्रंथात आहेत म्हणून ‘चालुक्य श्वानांना अभ्यंग घालत’ असे लिहिले, तर ते सीझरच्या वाक्याचेच भावंड ठरेल.

१२/१६
एरियनचा ग्रंथ १६४४ मध्ये पॅरिसला प्रथम छापला गेला आणि १८३१ मध्ये विल्यम डान्सी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्या काळी इंग्लंडात सशामागे ग्रेहाउंड सोडण्याच्या स्पर्धांना बहर आला होता. प्रसिद्ध वॉटर्लू चषक १८३६ चा. ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने लिहिणारे जॉन हेन्री वॉल्श यांचे ग्रेहाउंडवरील पुस्तक १८५३ मध्ये आले. त्यातील तयारीत हाताने अंग चोळण्याला स्थान आहे. स्लाव येथील एलिमनचे चोळण्याचे औषध माणसांसाठी वेगळे आणि जनावरांसाठी वेगळे विकले जात होते.

१३/१६
दरम्यान माणसांची मालिश हा शिक्षण घेऊन करावयाचा व्यवसाय बनत होता. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये व्यायामविद्येची संस्था स्थापली. हॉलंडचे योहान मेझगर यांनी मालिशीला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली. १८९४ मध्ये लंडनमध्ये प्रशिक्षित स्त्री-मालिशकारांची संस्था निघाली. आजची ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची सनदी संस्था तिचीच वारस. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे या कौशल्याची गरज सर्वांना पटली.

१४/१६
२४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे यांत्रिक सशामागे ग्रेहाउंडची शर्यत झाली आणि ब्रिटनमध्ये हा मोठा धंदा बनला. श्वान घड्याळाच्या उलट दिशेने, तीव्र वळणांवर धावत. त्यामुळे उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातील हाड मोडणे आणि मांडीच्या आतील स्नायू फाटणे, या ठरावीक दुखापती झाल्या. ज्याच्यावर पैसा लागला आहे त्या श्वानाचा स्नायू आता उपचाराचा विषय ठरला. पुढे चार्ल्स स्ट्राँग यांच्यासारख्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी माणसांवरील पद्धती घोड्यांसाठी वापरल्या, आणि १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये प्राण्यांवर काम करणाऱ्या अशा तज्ज्ञांची संघटना उभी राहिली.

१५/१६
घरातील वृद्ध श्वानाची पाळी सर्वांत उशिरा आली. १९९९ मध्ये अमेरिकेतील कॉर्वॅलिस येथे पशुवैद्यकीय पुनर्वसनावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २०१० मध्ये ही विशेष शाखा म्हणून तेथे मान्य झाली. मालिश झिजलेला सांधा भरून काढत नाही. मागचे पाय दुखणारे श्वान भार पुढच्या पायांवर टाकते, त्यामुळे खांद्यांचे आणि पाठीचे स्नायू ताठरतात. हलका हात तेथे कामी येतो. वजन आटोक्यात ठेवणे, बेताचा व्यायाम आणि वेदनाशामक औषध यांची जागा तो घेऊ शकत नाही. श्वानांवरील संशोधनही अजून थोडेच आहे. हाड मोडले असल्यास, ताप किंवा सूज असल्यास, पाय अचानक लुळे पडल्यास आधी पशुवैद्य गाठावा.

१६/१६
तेव्हा दुरुस्ती अशी. सीझरविषयीचे वाक्य मी मागे घेतो. मूळ धाग्याखाली तशी नोंद केली आहे. पुराव्याने सांगता येते ते एवढेच: दुसऱ्या शतकातील एका ग्रीक माणसाने शिकारी श्वानाचे अंग कसे चोळावे हे लिहून ठेवले, आणि त्या श्वानाला ते आवडले की नाही हेही पाहिले. जे श्वान आता धावू शकत नाही, ज्याच्यापासून काही मिळकत नाही, त्याच्या वेदनेसाठी शास्त्र शिकणे ही मात्र अलीकडची गोष्ट आहे. आईला मी हे सांगितले. कुत्रीच्या पाठीवरचा हात न थांबवता ती म्हणाली, “मग आपणच पहिले, असे समज.” यालाही आधार नाही, म्हणून नोंद करत नाही. ज्या वाचकाने आधार विचारला, त्याचे मनापासून आभार. पुढेही विचारत राहा.