उच्चारांचा अभ्यासक्रम

भाषा शिकविणाऱ्या यंत्राकडून आवाज काढून घेणे आता अवघड राहिलेले नाही. त्या आवाजाने आधी काय शिकवावे, मागाहून काय आणि कोणाला, हे ठरविणे मात्र आजही अवघड आहे. उच्चार शिकविणाऱ्या संगणकीय आज्ञावली नव्या असल्या, तरी त्यांच्यापुढचा हा प्रश्न फार पुरातन आहे.

सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला ‘शिक्षा’ म्हणतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत तिचे सहा विषय सांगितले आहेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. सुट्या ध्वनीपासून आरंभ करून ध्वनींच्या अखंड सांधणीपर्यंत नेणारा हा क्रम म्हणजे एक आखीव अभ्यासक्रमच होय. पुढे वेदांच्या शाखांनी आपापल्या पाठाचे उच्चारनियम प्रातिशाख्यांत ग्रथित केले. शाखा भिन्न, म्हणून नियमग्रंथही भिन्न, हे तत्त्व त्या नावातच आहे.

युरोपात हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी तैत्तिरीय प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. जर्मनीत व्हिल्हेल्म फिएटर यांनी १८८२ मध्ये एका पुस्तिकेद्वारे बोलीव भाषेला अग्रस्थान देण्याची मागणी केली. १८८६ मध्ये पॅरिस येथे पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची संघटना उभी राहिली, आणि १८८८ मध्ये तिने आपली ध्वनिलिपी प्रसिद्ध केली. एका ध्वनीला एकच चिन्ह, हे तिचे सूत्र होते.

एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ मध्ये आला. लंडनमध्ये १९०१ मध्ये स्थापन झालेल्या लिंग्वाफोन संस्थेने ध्वनिमुद्रणाच्या साह्याने भाषा घरोघरी नेल्या. तबकडी न कंटाळता शंभरदा बोलत असे. पण तिला ऐकू येत नसे, आणि शिकणारा कोण आहे याची तिला वार्ताही नसे. ही उणीव अमेरिकन भाषातज्ज्ञ रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात नेमकी हेरली. शिकणाऱ्याची मातृभाषा आणि नवी भाषा यांची आधी तुलना करावी व धडे त्यावरून आखावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठीपुरते पाहिले तरी याची प्रचीती येते. हिंदीच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलाच्या तोंडी ‘वेळ’ची ‘वेल’ झाली की अर्थच पालटतो. त्याचा पहिला धडा ‘ळ’चा हवा. गुजराती किंवा कन्नड मुलाला तो बहुधा लागणारही नाही, कारण त्याच्या भाषेत ‘ळ’ आहेच. ‘चार’ या संख्येतला ‘च’ तालव्य, तर गुरांच्या ‘चाऱ्या’तला दंततालव्य, लिपीत मात्र दोन्ही एकरूप. तेव्हा केवळ अक्षरांवरून धडे रचणे फसवे ठरते.

१९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली. आजची आज्ञावली तर शिकणाऱ्याचा आवाज ऐकून त्याला गुणही देते. पण ते गुण कोणाच्या उच्चाराशी ताडून द्यावयाचे? एकाच नगरातील शिष्टांची वाणी प्रमाण धरली, तर वऱ्हाडचा किंवा कोकणचा माणूस स्वतःच्याच मातृभाषेत चुकलेला ठरेल. अर्थबाधक दोष कोणता आणि केवळ प्रादेशिक ढब कोणती, हा विवेक अभ्यासक्रम आखणाऱ्यालाच आधी करावा लागतो. प्रातिशाख्यकारांनी शाखाभेद हा दोष मानला नव्हता. आज्ञावली रचणाऱ्यांनीही बोलीभेदाकडे त्याच दृष्टीने पाहणे इष्ट होय.