मुक्त विज्ञान आपल्या भाषेत : विकिपीडिया, फेट, किविक्स आणि आपली तरुणाई

इ.स. ८६८ मध्ये चीनमध्ये वज्रच्छेदिका सूत्राची एक प्रत लाकडी ठशांनी छापली गेली. स्पष्ट तारीख असलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक म्हणून ती ओळखली जाते आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी ही प्रत सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता तयार करवली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. ज्ञान फुकट वाटणे आपल्या परंपरेला नवीन नाही. आज धम्माची पुस्तके आपण जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वाटतो. विज्ञान मात्र अजूनही इंग्रजीत आणि शिकवणीच्या फीमागे अडकलेले आहे.

मोफत आणि मुक्त

हे दोन शब्द एक नाहीत. यूट्यूबवरचा व्हिडिओ मोफत पाहता येतो, पण तो उतरवून, भाषांतर करून पुन्हा वाटण्याची परवानगी असतेच असे नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. १९७६ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड निघाला. पण त्यात वाचकाला स्वतः दुरुस्ती करता येत नाही. विकिपीडियाचे तसे नाही. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. श्रेय द्यायचे आणि आपली नवी आवृत्तीही त्याच परवान्याखाली ठेवायची, या दोन अटींवर तो कोणीही छापावा, बदलावा, विकावासुद्धा.

इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. मराठीत आज नव्वद हजारांहून जास्त लेख आहेत. आकडा मोठा दिसतो, पण विज्ञानाचे बरेच लेख उघडले की दोन-चार ओळींवर संपतात. गावांची, नटनट्यांची, क्रिकेटपटूंची पाने भरपूर आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनीही बाबासाहेब, बौद्ध स्थळे, चळवळीतील माणसे यांवर मनापासून लिहिले आणि ते आवश्यकच होते. रसायनशास्त्र, आरोग्य, गणित याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

एक उदाहरण : सिकलसेल

विदर्भात सिकलसेल माहीत नाही असे गाव विरळा. आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, आपल्या बौद्ध समाजातही, त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि २०४७ हे उद्दिष्ट ठेवले. तपासणी होते, हातात कागद येतो, त्यावर 'एएस' किंवा 'एसएस' लिहिलेले असते. पुढे काय, हे घरी समजावणारे कोणी नसते. अशा वेळी मुलगी मोबाइलवर मराठीत शोधते. तिला काय सापडावे?

एवढे तरी सापडावे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. ही शक्यता दर वेळी नव्याने मोजायची. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. हा गैरसमज फार घरांत आहे. सोल्युबिलिटी चाचणी केवळ प्राथमिक असते, वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया दिल्यास वेदनेचे झटके कमी होतात.

आणखी एक गोष्ट त्या लेखात असलीच पाहिजे. हा 'खालच्या जातीचा' आजार नव्हे. वाहकांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यांत हे जनुक टिकले. ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. मात्र एकाच समूहात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीअंतर्गत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म असल्याचे मांडले होते. जनुकशास्त्र आपल्याला त्याच विवाहपद्धतीची दुसरी किंमत दाखवते.

असा एक लेख नीट लिहिला, तर तो आशा कार्यकर्तीला छापून वाटता येतो, शिक्षकाला वर्गात वाचता येतो, दुसऱ्याला गोंडीत नेता येतो. मुक्त परवान्याचा अर्थ हा.

आपले लेखन का उडते?

कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार असते की आम्ही लिहिले आणि कोणीतरी काढून टाकले. कधी त्यामागे पूर्वग्रहही असतो, हे नाकारायचे कारण नाही. पण बहुतेक वेळा कारण साधे असते: संदर्भ नाही, दुसरीकडून जसेच्या तसे चिकटवले आहे, किंवा भाषा गौरवाची आहे. तटस्थ दृष्टिकोन, पडताळता येणारा संदर्भ आणि स्वतःचे नवे संशोधन न मांडणे हे तिथले तीन मुख्य नियम आहेत. भाषणाची सवय असलेल्याला पहिला नियम जड जातो. काढलेला मजकूर पानाच्या इतिहासात बहुधा तसाच राहतो. चर्चा पानावर संदर्भासह मुद्दा मांडला तर तो परत येऊ शकतो. वाद घालायची जागा तीच, फेसबुक नव्हे.

संदर्भ मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना हजारो शोधपत्रिका वाचता येतात. आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालाला विचारा, अनेकांना याचा पत्ताच नाही. पारिभाषिक शब्दांसाठी बालभारतीची पुस्तके आणि भाषा संचालनालयाचे कोश आहेत. त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द आपण शाळेत शिकलोच आहोत. पण जिथे लोक 'सिकलसेल' म्हणतात तिथे तेच लिहावे. उगाच 'दात्रपेशी' केले की शोधणाऱ्याला लेख सापडणारच नाही.

नेट नसले तरी

किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका पेन ड्राइव्हवर घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडला तर विहारातील किंवा वसतिगृहातील मुले आपापल्या मोबाइलवरून वायफायने तो उघडू शकतात. यासाठी डेटा लागत नाही. त्याच्या जोडीला फेट आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. विद्युत मंडल, अपूर्णांक, अणूची रचना असे प्रयोग पडद्यावर हाताळून पाहता येतात, त्यांतले बरेच मराठीत आहेत आणि उतरवून ठेवता येतात. प्रयोगशाळेला कायम कुलूप असलेल्या शाळांसाठी हे छोटे काम नाही. खरी परीक्षानळी हातात घेण्याची बरोबरी मात्र ते करत नाही, त्यामुळे शाळेकडे प्रयोगशाळा मागणे सोडायचे नाही.

मागे आपल्याच गटांवर बुद्धांनी अणुविज्ञान आधीच सांगितले होते असे संदेश फिरत होते. गोमूत्राच्या दाव्यांना हसणाऱ्यांनी ते पुढे पाठवले. कालाम सुत्त परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका असे सांगते. ते आपल्या व्हॉट्सॲपलाही लागू आहे, आणि विकिपीडियालाही.

सुरुवात करायची असेल तर सदस्य खाते उघडा आणि 'धूळपाटी' या सरावाच्या पानावर लिहून पाहा. तिथे चुकले तरी कोणाचे बिघडत नाही. मोबाइलवर मराठी कीबोर्ड पुरतो, संगणकावर इनस्क्रिप्ट आठवड्याभरात हाताला बसतो. पहिल्याच दिवशी नवा लेख नको. असलेल्या लेखातील एक चुकलेला आकडा दुरुस्त करा, एक संदर्भ जोडा. चार-पाच जणांनी रविवारी वंदनेनंतर विहारातच दोन तास बसून एक लेख घेतला, त्यात एखादी नर्सिंगची विद्यार्थिनी आणि एखादा विज्ञानाचा शिक्षक असला, तर सिकलसेलचे पान महिन्याभरात उभे राहील. त्यानंतर थॅलेसेमिया, क्षयरोग आणि विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड हे विषय वाट पाहत आहेत.