दार इथले, चौकट तिथली

महागावच्या सुताराला पुसदच्या एखाद्या घराचे दार करायचे असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. चौकटीचे माप आणून दार इथेच घडवावे आणि तिकडे नेऊन बसवावे, ही एक. तशीच चौकट आपल्या अंगणात उभी करून दार त्यात बसवून पाहावे, ही दुसरी. एका संगणकावर बसून दुसऱ्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही अनेक वर्षे याच दोन वाटा आहेत.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कम्पायलर. क्रॉस-कम्पायलर आपल्या यंत्रावर बसून परक्या यंत्राची भाषा लिहितो. तो झपाट्याने काम करतो. पण तयार झालेला माल इथे चालवून पाहता येत नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या पोटात उभा केलेला दुसरा संगणक. तिथे सारे पाहता येते. पण एकाच्या भाकरीत दोघांना जेवावे लागते, म्हणून वेग आणि मेमरी कमी पडते. आयबीएमने १९७२ साली अशी यंत्रणा मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली.

या वाटा एकत्र कशा येतात, ते १९७५ साली दिसले. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली, तीही अल्टेअर डोळ्यांनी न पाहता. ॲलनने हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल उभी केली. व्हर्च्युअल मशीनचीच ही बहीण, एम्युलेटर. छिद्रे पाडलेली कागदी फीत घेऊन ॲलन विमानात बसला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की फीत यंत्रात उतरवणारा छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिला! नकलेला त्याची गरज पडली नव्हती. त्याने तो विमानातच लिहिला आणि बेसिक चालली.

आपल्याकडे १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली तिथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याचे गणित ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स करीत. प्रोग्राम मात्र शेजारच्या यजमान संगणकावर तयार होऊन त्यांच्याकडे जाई.

आज आपल्या खिशातल्या मोबाइलचे प्रोग्रामही मोबाइलवर लिहिले जात नाहीत. ते शहरातल्या दमदार संगणकावर घडतात, तिथल्याच नकली मोबाइलवर तपासले जातात. त्या नकली मोबाइलची बॅटरी जुनी होत नाही, तो शेताच्या बांधावर तापत नाही, त्याची रेंज जात नाही. इथल्या शेतकऱ्याच्या स्वस्त मोबाइलला हे सारे भोगावे लागते. मग पीकविम्याचा अर्ज अर्ध्यावर अडकला, तर दोष त्या माणसाच्या अडाणीपणाला दिला जातो.

अंगणातली चौकट कितीही हुबेहूब असो, पुसदच्या भिंतीला आलेली ओल तिला नसते. दार शेवटी तिथे जाऊनच लावून पाहावे लागते.