जन्मस्थान आणि वास्तव्याचा हक्क : अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यांतील भारतीय (१९१७ ते १९९०)

प्रस्तावना :
परदेशात जाणे आणि परदेशात राहणे या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. व्हिसा प्रवेशाची अनुमती देतो. कायम वास्तव्याचा हक्क व नागरिकत्व या त्यापुढील पायऱ्या होत. आज स्वाभाविक वाटणारी ही रचना फार जुनी नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या, १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी आजच्या अर्थाची व्हिसा पद्धती अमेरिकेत अस्तित्वात नव्हती. पुढील काही वर्षांतच हे चित्र पालटले. प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिकेच्या कायद्यांनी भारतीयांच्या प्रवेशाचे व वास्तव्याचे नियमन कसे केले, याचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) १९१७ ते १९९० या काळातील प्रमुख कायद्यांचा भारतीयांच्या संदर्भात आढावा घेणे.
२) प्रवेश, वास्तव्य व नागरिकत्व यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) वंशाचा निकष रद्द झाल्यानंतर जन्मस्थानाच्या निकषाचे काय झाले, हे तपासणे.

बंदीचा कालखंड :
अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परकीयांपैकी केवळ 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तींनाच नागरिकत्वाची मुभा दिली होती. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचा त्यात समावेश झाला. आशियाई लोकांचे स्थान मात्र संदिग्ध राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्या व शेतांवर काम करण्यासाठी प्रामुख्याने पंजाबी मजूर येऊ लागले. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे जमावाने भारतीय मजुरांना हुसकावून लावले. या विरोधाला फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने वैधानिक रूप दिले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने संमत केलेल्या या कायद्यान्वये भारतासह आशियाचा मोठा भूभाग 'निषिद्ध क्षेत्र' ठरला. विद्यार्थी, पर्यटक आणि काही व्यवसायांतील व्यक्तींना त्यातून सूट होती. म्हणजेच विद्येसाठी दार किलकिले राहिले, श्रमासाठी मात्र ते बंद झाले.

१९२४ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा पद्धती अधिक कठोर केली. प्रवासाला निघण्यापूर्वीच अमेरिकी वाणिज्य दूताकडून व्हिसा मिळविण्याची महायुद्धकाळात सुरू झालेली अट या कायद्याने कायम झाली. बंदरावर होणारी निवड आता स्थलांतरिताच्या मायदेशातच होऊ लागली. त्याचबरोबर, नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना स्थलांतरित म्हणून प्रवेशही नाकारण्यात आला.

थिंद खटला :
ही अपात्रता एक वर्ष आधीच निश्चित झाली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांना ऑरेगॉनमधील न्यायालयाने १९२० मध्ये नागरिकत्व दिले. शासनाच्या आव्हानानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांच्या विरोधात निकाल दिला. ओझावा खटल्यात तीन महिन्यांपूर्वीच याच न्यायालयाने 'गोरा' म्हणजे 'कॉकेशियन' असा अर्थ मान्य करून एका जपानी अर्जदाराला नागरिकत्व नाकारले होते. थिंद यांची बाजू त्याच व्याख्येवर उभी होती. त्यावर न्या. सदरलँड यांनी शास्त्रीय वर्गीकरण बाजूस सारून सामान्य माणसाची समजूत हा निकष लावला.

थिंद यांच्या वतीने आर्य वंश व उच्च जातीचा आधार घेण्यात आला होता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. वंशभेदाच्या कायद्याला विरोध करण्याऐवजी त्या कायद्याच्या वरच्या पायरीवर जागा मागणारा हा युक्तिवाद होता. मायदेशातील विषमतेची भाषा परदेशातील विषमतेपुढे निष्प्रभ ठरली.

निकालाचे परिणाम दूरगामी होते. यापूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याची कार्यवाही सुरू झाली. नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना जमीन खरेदीस मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा त्यांना लागू झाला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशीच कार्यवाही झाली. त्यांनी ती न्यायालयात यशस्वीपणे परतवली आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. स्वतः थिंद यांना १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या कायद्यान्वये नागरिकत्व मिळाले.

शंभरांचा कोटा :
दुसऱ्या महायुद्धानंतर २ जुलै १९४६ रोजी ल्यूस-सेलर कायदा अमलात आला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, परंतु स्थलांतरासाठी वार्षिक कोटा केवळ १०० व्यक्तींचा ठेवण्यात आला. संख्या क्षुल्लक असली तरी आधीपासून तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा हक्क मोलाचा होता. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वावरील वांशिक बंधन पूर्णतः हटविले. मात्र आशियाई वंशाच्या व्यक्तीची गणना, तिचा जन्म अन्यत्र झाला असला तरी, वंशानुसारच करण्याची तरतूद त्यात होती.

१९६५ नंतर :
३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीय मूळावर आधारित कोटा रद्द केला. पूर्व गोलार्धासाठी वार्षिक १,७०,००० व प्रत्येक देशासाठी कमाल २०,००० अशी मर्यादा ठरली. कुटुंबाचे एकत्रीकरण व व्यावसायिक कौशल्य हे निवडीचे प्रमुख आधार बनले. डॉक्टर, अभियंते व संशोधकांच्या स्थलांतराला यामुळे गती मिळाली. १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ हे या स्थलांतरातून घडलेल्या मराठी समाजजीवनाचे द्योतक होय.

१९९० च्या कायद्याने एच-१बी ही तात्पुरत्या रोजगाराची श्रेणी निर्माण करून तिची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरविली. रोजगाराधारित कायम वास्तव्यासाठी सुमारे १,४०,००० व्हिसा राखले गेले. यात जोडीदार व मुलेही मोजली जातात आणि सामान्यतः एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक व्हिसा येत नाहीत. ही गणना अर्जदाराच्या नागरिकत्वावरून नव्हे, तर मुख्यतः जन्मदेशावरून होते. त्यामुळे लहान देश व भारत यांच्यासाठी एकच कमाल मर्यादा असूनही रोजगाराच्या प्रमुख श्रेणींत भारतीयांची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबली. या प्रतीक्षेत मूल एकवीस वर्षांचे झाले, तर पालकांच्या अर्जावरील त्याचा हक्क संपुष्टात येण्याचा संभव असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा तात्पुरत्या परवान्याची अस्थिरता पुन्हा अधोरेखित झाली.

निष्कर्ष :
१) १९१७ ते १९४६ या काळात भारतीयांना वंश व भूभागाच्या आधारे वगळण्यात आले. नागरिकत्वाची अपात्रता हेच प्रवेशबंदीचेही साधन बनले.
२) १९६५ नंतर कौशल्य व कुटुंब हे निकष आले, तरी जन्मस्थान कायद्यातून नाहीसे झाले नाही. पूर्वी ते बंदीच्या रूपात होते. नंतर ते प्रतीक्षेच्या रूपात उरले.
३) प्रवेश सुलभ होणे म्हणजे वास्तव्य सुरक्षित होणे नव्हे. स्थलांतराचा इतिहास केवळ आगमनाच्या आकड्यांवरून लिहिल्यास ही दरी दिसत नाही. म्हणून वास्तव्याच्या हक्काचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.