निकोलाय खार्जियेव : निषिद्ध कलेचा जतनकर्ता

विसाव्या शतकाच्या प्रारंभी रशियात 'आवाँ गार्द' ही बंडखोर नवकला बहरली. मात्र १९३२ मध्ये सोव्हिएत सत्तेने स्वतंत्र कलासंघटना बरखास्त केल्या आणि पुढे समाजवादी वास्तववाद हीच राजमान्य शैली ठरली. मालेविच, तात्लिन, फिलोनोव यांची चित्रे प्रदर्शनांतून दिसेनाशी झाली. त्या काळात या कलेचा दस्तऐवज जपणाऱ्यांत निकोलाय खार्जियेव यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

युक्रेनमधील काखोव्का येथे १९०३ साली त्यांचा जन्म झाला. ओडेसात कायद्याचे शिक्षण घेऊन ते मॉस्कोत आले आणि साहित्य व कलेच्या संशोधनात रमले. त्यांच्याच आग्रहावरून मालेविच यांनी १९३३ मध्ये आत्मकथन लिहिले. कवी ख्लेब्निकोव यांचे अप्रकाशित साहित्य खार्जियेव यांनी ग्रित्स यांच्यासह संपादित करून १९४० मध्ये प्रसिद्ध केले. छळछावणीच्या वाटेवर मृत्यू पावलेल्या मांडेलश्टाम यांच्या कवितांचे १९७३ चे संपादनही त्यांचेच. साठच्या दशकात मॉस्कोतील मायाकोव्स्की संग्रहालयात त्यांनी या विस्मृत चित्रकारांची छोटेखानी प्रदर्शने भरवली.

दरम्यान चित्रे, पत्रे व हस्तलिखिते त्यांच्या घरी जमत गेली. हा ठेवा ते सहसा कुणाला दाखवत नसत. मांडेलश्टाम यांची हस्तलिखिते अडवून ठेवल्याचा ठपका कवीच्या पत्नी नादेझ्दा यांनी त्यांच्यावर ठेवला होता.

१९९३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, शिल्पकार पत्नी लिदिया चागा यांच्यासह ते अॅमस्टरडॅमला गेले. रशियाबाहेर अशा वस्तू नेण्यावर निर्बंध असल्याने संग्रह गुप्तपणे हलवण्यात आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर कागदपत्रांचा मोठा भाग जप्त झाला. मालेविच यांच्या काही कलाकृती विकल्या गेल्या. १९९५ मध्ये चागा आणि जून १९९६ मध्ये खार्जियेव यांचे निधन झाले.

पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने चित्रसंग्रह अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाकडे दीर्घ मुदतीसाठी सोपवला. तेथे २०१३ मध्ये मालेविच यांच्या भव्य प्रदर्शनात त्यातील कलाकृती मांडल्या गेल्या. अॅमस्टरडॅममधील कागदपत्रेही २०११ मध्ये मॉस्कोच्या साहित्य-कला अभिलेखागाराकडे देण्याचे ठरले. ज्या गुप्ततेने हा ठेवा राजसत्तेपासून वाचवला, तिच्याचपायी अखेरीस त्याची ताटातूट झाली. तरीही रशियन नवकलेच्या अभ्यासकाला आजही खार्जियेव यांनी जपलेल्या कागदांकडेच वळावे लागते.