अनेक गटांचा सभासद

तलासरी तालुक्यांतील झाई हें समुद्रकांठचें गांव गुजरातच्या शिवेला लागून आहे. तेथील एखादा मच्छीमार गांवचा मतदार असतो, सोसायटीचा सभासद असतो आणि शाळेंतील मुलाचा पालकही असतो. एका सभेस जातांना बाकीचीं नातीं तो घरीं ठेवून जात नाहीं. संगणकास मात्र ही साधी गोष्ट उशिरानें साधली.

बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 1969 सालीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. पुढें तिच्यांत प्रत्येक फाइलीला एक मालक व एक गट नेमून देण्यांत आला. परंतु चालू असलेलें काम, म्हणजे प्रोसेस, एका वेळीं एकाच गटांत असे. दुसऱ्या गटाची फाइल हवी असल्यास 'न्यूग्रप' ही आज्ञा देऊन गट बदलावा लागे. 1983 सालीं बर्कले विद्यापीठाच्या 4.2 बीएसडी आवृत्तीनें प्रोसेसला पूरक गटांची यादीच दिली. लिनक्समध्यें ही मर्यादा पूर्वीं 32 गटांची होती. 2004 सालीं ती 65,536 झाली.

सोयीबरोबर जोखीमही आली. अनेक सेवा 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें सुरू होऊन मग सामान्य वापरकर्त्याचें रूप घेतात. त्यापूर्वीं जुने गट टाकले नाहींत, तर पद गेलें तरी किल्ल्या कमरेलाच राहतात! अधिकार सोडल्यावर यादी बदलतां येत नाहीं. म्हणून आधीं गट, मग पद, हाच क्रम पाळावा लागतो.

मग गट सोडण्याची मोकळीक सर्वांनाच कां असूं नये? समजा, एका स्पर्धेचीं उत्तरें सर्वांस वाचतां येतात, फक्त 'स्पर्धक' गटास मनाई आहे. स्पर्धकानें आपलें सभासदत्व टाकलें, कीं तो 'इतर' ठरतो आणि उत्तरें त्याच्यापुढें उघडतात! 2013 सालीं लिनक्सच्या 'यूजर नेमस्पेस' या सोयीनें सामान्य वापरकर्त्यासही अशी वाट मिळाली. 2015 च्या 3.19 आवृत्तीनें ती बंद केली.

श्रोतेहो, त्यागास आपण नेहमीं सद्गुण मानतों. परंतु जें सभासदत्व बंधन म्हणून दिलेलें असतें, तें सोडण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हातीं देऊन चालत नाहीं.