मापनयंत्रांचे संगणकीय दूरनियंत्रण : समान प्रमाणकांचा इतिहास

प्रस्तावना

प्रयोगशाळेतील मापनयंत्राजवळ न बसता संगणकावरून त्याची रेंज निवडणे, मोजमाप सुरू करणे व वाचने नोंदवणे ही आज सामान्य बाब झाली आहे. या सोयीचे श्रेय सहसा संगणकाच्या वाढत्या वेगाला दिले जाते. परंतु या तंत्राचा इतिहास तपासला असता, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादकांनी स्वीकारलेले समान नियम हेच त्यामागील प्रमुख कारण असल्याचे आढळते. प्रस्तुत लेखात या नियमांच्या जडणघडणीचा मागोवा घेतला आहे.

समान मार्गाची निर्मिती

१९६० च्या दशकात डिजिटल व्होल्टमीटर प्रयोगशाळांत रुळू लागले. वाचने विद्युत संकेतांच्या रूपात बाहेर देण्याची सोय काही यंत्रांत होती. मात्र जोडणी व संकेतपद्धती यंत्रागणिक निराळी असे. ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९६६ मध्ये मापनयंत्रांशी जोडता येईल असा २११६ए हा संगणक आणला, तेव्हाही निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळी इंटरफेस कार्डे लागत. या अडचणीतून कंपनीने आपल्या सर्व यंत्रांसाठी एकच जोडणीमार्ग विकसित केला. १९७५ मध्ये आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ४८८ क्रमांकाचे प्रमाणक म्हणून मान्यता दिली. पुढे तो जीपीआयबी या नावाने सर्वत्र रूढ झाला. एका कंपनीची अंतर्गत पद्धत अशा रीतीने प्रतिस्पर्ध्यांसाठीही खुली झाली.

या मार्गात १६ संकेततारा होत्या : ८ माहितीसाठी, ५ व्यवस्थापनासाठी आणि ३ देवघेवीच्या पडताळणीसाठी. माहिती तयार आहे, ग्राहक यंत्र सज्ज आहे आणि माहिती स्वीकारली गेली, या तीन गोष्टींची खात्री या शेवटच्या तीन तारांवरून होत असे. सर्वांत संथ ग्राहक यंत्राने स्वीकार केल्याखेरीज पुढील बाइट पाठवला जात नसे. त्यामुळे वेगवान व संथ यंत्रे एकाच मार्गावर नांदू शकली. संगणकासह जास्तीत जास्त १५ उपकरणे जोडता येत. परंतु केबलची एकूण लांबी २० मीटरपर्यंतच मर्यादित होती. आरंभीचे ‘दूर’नियंत्रण हे वस्तुतः एका खोलीपुरतेच होते.

समान भाषेचा प्रश्न

१९७५ च्या प्रमाणकाने संदेश कसा पोहोचवावा हे ठरवले. संदेशात काय लिहावे हे ठरवले नाही. परिणामी दोन कंपन्यांचे व्होल्टमीटर एकाच केबलला जोडता येत, पण एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यास चालत नसे. यंत्र बदलले की प्रोग्रामही नव्याने लिहावा लागे. १९८७ मध्ये ४८८.२ या प्रमाणकाने यंत्राची ओळख विचारणे, ते मूळ स्थितीत आणणे, त्याची स्थिती कळवणे यांसारख्या समान आज्ञा निश्चित केल्या. १९९० मध्ये आलेल्या ‘एससीपीआय’ या आज्ञासंहितेने मापनाचीही समान शब्दावली दिली. मार्ग आणि भाषा यांच्या प्रमाणीकरणात अशा रीतीने दीड दशकाचे अंतर पडले.

भिंतींपलीकडे

भाषा केबलपासून स्वतंत्र झाल्याने तीच आज्ञा अन्य मार्गांनीही पाठवणे शक्य झाले. १९९८ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे सुरू झालेल्या ‘वेबलॅब’मध्ये विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून खऱ्या ट्रान्झिस्टरची मोजमापे घेतली. २००५ मध्ये ‘एलएक्सआय’ या प्रमाणकाने स्थानिक संगणक-जाळे हाच मापनयंत्रांचा जोडणीमार्ग म्हणून स्वीकारला. मार्ग बदलला, तरी आज्ञांची भाषा बव्हंशी टिकून राहिली.

समारोप

या इतिहासातून महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. केवळ उत्पादकाच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर चालणारे यंत्र, संगणकाची कार्यप्रणाली बदलताच, सुस्थितीत असूनही दूरनियंत्रणास निरुपयोगी ठरू शकते. याउलट, ज्याच्या आज्ञा प्रमाणित व प्रसिद्ध आहेत असे जुने यंत्र योग्य जोडणीद्वारे नव्या संगणकाशीही संवाद साधू शकते. म्हणून यंत्रखरेदी करताना अचूकता व किंमत यांबरोबरच त्याची आज्ञासूची उपलब्ध आहे किंवा नाही हेही पाहणे अगत्याचे ठरते. वाचन कोणत्या आज्ञेने मिळाले हे विद्यार्थ्यास ठाऊक असले, तरच त्या वाचनाची चिकित्सा तो करू शकेल.